उंबर, वड, पिंपळ आणि त्यांच्या जिवावर जगणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंबराखाली चार माणसं उभी केली की प्रश्न ठरलेले येतात. पहिला किड्यांचा, दुसरा फुलाचा आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन, "मी लहानपणी पुष्कळ खाल्लीत, काही होत नाही ना?" निसर्गफेऱ्यांत विचारलेले आणि नंतर लोकांनी लिहून पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जंगलातल्या जिवांची देवाणघेवाण आणि भांडणं बघायला ताडोबाला जावं लागत नाही. ओढ्याकाठचा एक उंबर पुरतो.

१. "जीव एकमेकांवर अवलंबून असतात" हे शाळेपासून ऐकतोय. पण नेमकं कसे? एका उदाहरणात सांगता येईल का?

उंबरावरच सांगतो. उंबराच्या फुलांचं परागण एक बारीक किडा करतो आणि त्या किड्याची पिल्लं उंबराशिवाय कुठेच वाढत नाहीत. दोघांचाही फायदा, म्हणून हे सहजीवन. त्याच फळात दुसरे किडे बाहेरून अंडी घालतात, परागण करत नाहीत, फुकट खातात. ते परजीवी. फांदीवर एखादी आमरी (ऑर्किड) रुजलेली असते. तिला बसायला जागा मिळते, उंबराचं काही बिघडत नाही. याला सहभोजिता म्हणतात. मुंगी किड्याला खाते, तो भक्ष्य-भक्षक संबंध. आणि पिकलेल्या फळावर तांबट, मैना, धनेश एकाच वेळी येतात तेव्हा होते ती स्पर्धा.

पुस्तकात ही पाच नावं पाच वेगळ्या चौकटींत असतात. झाडावर ती एकमेकांत गुंतलेली असतात. आज ज्याची मदत होते तोच उद्या हात मारायला बघतो, आणि त्याला आवरायला बऱ्याचदा तिसराच कुणीतरी लागतो (प्रश्न ७ आणि ९ पाहा).

२. उंबराला फूल येतच नाही, हे खरं आहे का?

येतं. शेकड्यांनी येतात. फक्त बाहेरून दिसत नाहीत. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो तो खरं तर आतून पोकळ असा फुलोरा असतो. पिशवी उलटी करून तोंड आवळावं तशी सगळी फुलं आतल्या भिंतीवर लागलेली असतात. वनस्पतिशास्त्रात याला कुंभासनी फुलोरा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. वड, पिंपळ, नांदरूक, अंजीर या सगळ्यांचं असंच.

कधीच न दिसणाऱ्या माणसाला "तू म्हणजे उंबराचं फूल झालास" असं आपण म्हणतो. तुम्हाला ते बघायचंच असेल तर हिरवा, घट्ट, सुपारीएवढा उंबर ब्लेडने उभा चिरा आणि भिंग लावा.

३. पिकलेला उंबर फोडला की आतून भुर्रकन किडे उडतात. फळाला भोक नसताना ते आत कसे गेले? सडल्यामुळे होतात का?

सडल्यामुळे नाही. ते आतच जन्मलेले असतात. या किड्यांना जुन्या बोलीत केंबरं म्हणतात. "उंबर फोडून केंबरं काढणं" हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. शास्त्राच्या हिशेबाने ती गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, आणि ती माणसाला डंख मारत नाहीत.

फळाला भोक असतं. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक बारीक तोंड असतं. आतली मादीफुलं तयार झाली की फळाला विशिष्ट वास सुटतो आणि त्या वासावर केंबराची मादी येते. खवल्यांमधून घुसताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. परत बाहेर येणं नाहीच. आत ती दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग फुलांवर घालते, काही फुलांच्या अंडाशयात एकेक अंडं ठेवते आणि तिथेच मरते.

ज्या फुलात अंडं पडलं त्यात केंबरू वाढतं. ज्यात फक्त पराग पडले त्यात बी धरतं. एका फुलात एकच, एक तर बी नाही तर केंबरू. साधारण महिना-दीड महिन्यात नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, डोळे जेमतेम. ते अजून कोशात असलेल्या माद्यांशी मीलन करतात, मग जमून फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात. माद्या तोवर पराग गोळा करतात आणि त्या बोगद्याने उडून जातात.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. बंद फळातली हवा कोंदट असते. पिंपळाच्या फळावर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की आत कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास जातो. नरांना त्याचं काही वाटत नाही, माद्या मात्र त्यात सुस्त पडून राहतात. बोगदा पडला, ताजी हवा आली की त्या जाग्या होतात. म्हणजे दार उघडल्याची वर्दी त्यांना हवाच देते.

४. मग उंबर खायचा की नाही? आम्ही शाकाहारी आहोत.

आरोग्याचं विचाराल तर गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या पोरं उंबरं खात आली आहेत. फोडून, किडे झटकून, फुंकर मारून खातात.

धर्माचं किंवा व्रताचं विचाराल तर निर्णय तुमचा. पिकलेल्या फळातून बहुतेक माद्या उडून गेलेल्या असतात, पण मेलेले नर, आई-मादीचे अवशेष आणि मागे राहिलेले किडे आत असतातच. जैन परंपरेत पाच उदुंबर फळं वर्ज्य मानली आहेत, त्यांत वड, पिंपळ आणि उंबर येतात. कारण हेच, आत जीव असतात. भिंग नसलेल्या काळातलं हे निरीक्षण आहे, आणि चोख आहे.

५. म्हणजे बाजारातल्या अंजिरातही किडे असतात का? पुरंदरची अंजिरं आम्ही डझनाने खातो!

निर्धास्त खा. पुरंदर भागात लावतात ती पुणे अंजीर जात परागणाशिवायच फळ धरते, तिला केंबराची गरज नाही. तुर्कस्तानातल्या स्मर्ना प्रकारच्या अंजिराला मात्र लागते, आणि तिथले शेतकरी केंबरं असलेली रानअंजिरं बागेत मुद्दाम टांगतात. पुरंदरच्या अंजिरात कधी अळी सापडलीच तर ती फळमाशीची वगैरे असेल; ती वेगळी कीड.

६. उंबराचं केंबरू वडाच्या फळात जातं का?

सहसा नाही. "वडाची साल पिंपळाला" लावलेली केंबरांना चालत नाही. उंबराचं केंबरू सेराटोसोलेन फुसिसेप्स, वडाचं युप्रिस्टिना मेसोनी, पिंपळाचं प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स. प्रत्येक झाडाचा वास वेगळा, फळाच्या तोंडाची घडण वेगळी; चुकीच्या दारात केंबरू शिरत नाही आणि शिरलंच तर बहुधा वंश चालत नाही. जगात या कुळातल्या झाडांच्या सुमारे ७५० जाती आहेत आणि हा जोडीचा संसार फार जुना आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेलं ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचं केंबराचं जीवाश्म आजच्या केंबरासारखंच दिसतं.

"एक झाड, एक केंबरू" हा नियम मात्र पूर्वी वाटायचा तितका कडक नाही. काही जातींना दोन-तीन परागक आहेत, काही परागक दोन जातींत वावरतात. शाळेच्या प्रकल्पात लिहिताना "बहुतेक" हा शब्द घाला.

७. केंबराला आत शिरल्यावर कोण बघतंय? सगळ्याच फुलांत अंडी घालून ते झाडाला फसवत का नाही?

मला आलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत चांगला प्रश्न. एका बारावीच्या मुलीने विचारला होता, आणि त्या दिवशी मी तिला अर्धंच उत्तर दिलं. आता पुरं देतो.

सगळी फुलं केंबरांनी व्यापली तर बी शून्य. बी नाही तर पुढची झाडं नाहीत. पण केंबरू एवढा लांबचा विचार करत नाही. त्याला जितकी पिल्लं वाढतील तितकी हवीच असतात. म्हणजे स्पर्धा फळाच्या आत, जोडीदारांमध्येच आहे. प्रत्येक फूल हा वादाचा तुकडा. तरी झाडं टिकून आहेत, त्याला काही अडसर कारणीभूत आहेत.

पहिला अडसर घडणीचा. काही फुलांचा कुक्षिवृंत (अंडाशयावरची बारीक दांडी) आखूड, काहींचा लांब. लांब वृंताच्या फुलात अंडाशयापर्यंत केंबराची अंडी घालायची सुई सहज पोहोचत नाही. तिथे बी धरतं.

दुसरा वेळेचा. मादीकडे एखाद-दोन दिवसांचं आयुष्य आणि मोजकी अंडी. एकटी आली तर सगळी फुलं पुरी करू शकत नाही.

तिसरा अडसर चक्क चोरांचा! फळाच्या बाहेरच्या भिंतीलगतच्या फुलांत अंडं घातलं तर बाहेरून सुई खुपसणारे परजीवी (पुढचा प्रश्न पाहा) त्याला गाठतात. मग आतल्या बाजूची, पोकळीजवळची फुलंच सुरक्षित. बाहेरच्या बाजूची फुलं केंबरं टाळतात आणि ती बियांच्या वाट्याला येतात. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दाखवलं गेलं. म्हणजे झाडाचा शत्रू झाडाच्या मित्राला मर्यादेत ठेवतो.

चौथा, शिक्षेचा. पनामात संशोधकांनी पराग नसलेल्या केंबरांना फळांत शिरू दिलं. अशी फळं काही जातींच्या झाडांनी गाळूनच टाकली, काहींत पिल्लं कमी निपजली. पराग आणले नाहीत तर पाळणाघर बंद, असा रोकडा व्यवहार.

इतकं असूनही लबाड आहेतच. आफ्रिकेतल्या सायकामोर उंबरात सेराटोसोलेन गॅलिली नावाचं केंबरू परागकासारखंच तोंडातून आत शिरतं, अंडी घालतं आणि परागण मात्र करत नाही. परागण करणारं दुसरं केंबरू त्याच झाडावर आहे म्हणून हे चालून जातं. ते नसतं तर हे पण बुडालं असतं.

८. हिरव्या उंबरावर लांब शेपटीचे किडे बसलेले दिसतात. ते काय करतात?

शेपटी नव्हे, अंडी घालायची सुई. कित्येकदा अंगाहून लांब. हे परागण न करणारे किडे. आत शिरायची जोखीम घेत नाहीत. बाहेर बसून भिंतीला भोक पाडतात आणि अंडी नेमक्या जागी सोडतात. आपल्याकडच्या उंबरावर अशा अर्धा डझनाच्या आसपास जाती आहेत. काहींची पिल्लं फुलाची गाठ करून तीच खातात, काहींची दुसऱ्याच्या पिल्लावर जगतात.

यांनी आपसात वेळ वाटून घेतली आहे. कुणी केंबरू आत जायच्या आधी येतं, कुणी नंतर, कुणी फार नंतर. फळ जसं जाड होत जातं तशी उशिरा येणाऱ्यांची सुई लांब. एकाच फळावर इतक्या जाती नांदतात त्याचं एक मोठं कारण हेच.

आणि ती सुई! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की उंबरावरच्या अशा एका किड्याच्या सुईचं टोक जस्ताने कडक झालेलं असतं आणि त्याला ड्रिलसारखे दाते असतात. केसाहून बारीक गिरमिटच म्हणा.

९. आमच्या उंबरावर हुमल्यांची घरटी आहेत. झाडाला त्रास होतो का?

उलट. कोकण-गोव्यात ज्यांना हुमले म्हणतात त्या तांबड्या, पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या फळांवर गस्त घालतात. परागक मादी फळावर उतरते आणि चटकन आत शिरते. परजीवी मात्र बाहेर बराच वेळ सुई खुपसून बसलेला असतो, पळता येत नाही. मुंगीला आयता सापडतो. जिथे मुंग्यांचा राबता असतो तिथे परजीवी कमी आणि बिया-केंबरं जास्त, असं निरीक्षण आहे. बोगदा पाडून बाहेर पडणारे नरही मुंग्या उचलतात, पण तोवर त्यांचं काम झालेलं असतं.

मुंग्या झाडासाठी हे करत नाहीत, हे लिहायची गरज नसावी. फळं उतरवायला चढणाऱ्याला मात्र त्या सोडत नाहीत, तेव्हा जपून.

१०. एकाच फळातल्या भावंडांमध्येही स्पर्धा असते का?

असते, आणि ती आईच्या हिशेबात दिसते. फळात एकच मादी शिरली असेल तर तिचे मुलगे आपल्याच बहिणींशी मीलन करणार. तिथे दहा मुलगे कशाला? चार पुरतात. म्हणून ती मुलगे मोजके आणि मुली भरपूर घालते. तीन-चार माद्या शिरल्या तर प्रत्येकीच्या मुलग्यांना दुसऱ्यांच्या मुलग्यांशी झगडावं लागणार, म्हणून मुलग्यांचं प्रमाण वाढतं. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६७ साली हे गणित मांडलं आणि केंबरांनी ते पुढे खरं करून दाखवलं.

परागकांचे नर सहसा भांडत नाहीत, कारण बोगदा पाडायला सगळे हात लागतात. परजीवींच्या काही जातींतले नर मात्र मोठ्या जबड्यांनी एकमेकांचे तुकडे करतात.

११. फळं पिकल्यावर झाडावर इतके पक्षी येतात. भांडत कसे नाहीत?

भांडतात की! तासभर वडाखाली बसा. तांबट दुसऱ्या तांबटाला हाकलतो, कुटुर्गा आपल्या फांदीवर कुणाला येऊ देत नाही, आणि धनेश उतरला की सगळे जरा सरकून बसतात. पण फळं इतकी असतात की भांडण जिवावर बेतत नाही. शिवाय वाटणी होते. पक्षी दिवसा, वटवाघळं आणि उदमांजर रात्री. बारीक फांद्यांच्या टोकाला हलके पक्षी, जाड फांद्यांवर माकडं. खाली पडलेलं भेकर, सांबर, रानडुक्कर, अस्वल यांचं. "उंबर पिकले आणि नडगीचे डोळे आले" या म्हणीतली नडगी म्हणजे अस्वल. ऐन सुगीत तिचे डोळे आले. ज्याने ही म्हण केली त्याने अस्वलाला उंबराखाली पाहिलेलं असणार.

इथे एक गोम आहे. झाडाच्या दृष्टीने सगळे पाहुणे सारखे नाहीत. धनेश फळ अख्खं गिळतो आणि बिया दूरवर टाकतो. वटवाघूळ चोथा थुंकतं आणि उडता उडता विष्ठेतूनही बिया पेरतं. पोपट मात्र बिया फोडतो. आणि आपला राज्यपक्षी हरियाल? त्याच्या गोतातल्या हिरव्या कबुतरांची पेषणी (दाणे दळणारा पोटाचा भाग) इतकी जाड असते की बारीक बियाही दळल्या जातात. मलेशियातल्या जंगलात हे तपासलं गेलं आहे. तेव्हा उंबरावर हरियाल दिसला की फोटो जरूर काढा, पण "बीजप्रसारक" अशी ओळ खाली लिहू नका.

१२. उन्हाळ्यात बाकी झाडं रिकामी असताना एखादा वड लालेलाल असतो आणि शेजारचा वड कोरडा. असं का?

कारण केंबरू. एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात. माद्या बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर अंडी घालायला तरुण फळ नसतं, आणि आयुष्य एक-दोन दिवसांचं. त्या वेळी परिसरात दुसरं कुठलं तरी झाड फुलोऱ्यात हवंच. म्हणून या कुळातली झाडं आंब्या-जांभळासारखी एकदम बहरत नाहीत, ज्याचा-त्याचा मोसम वेगळा. वाऱ्यावर केंबरं किती दूर जातात? नामिबियाच्या वाळवंटातल्या सायकामोर उंबरांच्या पराग-बियांचा जनुकीय माग काढला तेव्हा १६० किलोमीटरपर्यंतची मजल सापडली. २००९ साली हे प्रसिद्ध झालं.

किड्याच्या सोयीसाठी ठरलेल्या या वेळापत्रकाचा फायदा अख्ख्या रानाला होतो. बारा महिन्यांत केव्हाही कुठला तरी वड, उंबर, पिंपळ, नांदरूक पिकलेला असतोच. बाकी फळांचा दुष्काळ असतो तेव्हा हीच झाडं पक्षी-प्राण्यांना जगवतात, शिवाय या फळांत कॅल्शियम चांगलं असतं. विणीच्या काळात ढोलीत स्वतःला लिंपून घेतलेल्या धनेशाच्या मादीला नर फळं भरवतो, त्यांत या झाडांचा वाटा मोठा. कमानीचा वरचा मधला दगड काढला तर कमान ढासळते, तशी ही झाडं. म्हणून त्यांना कळीच्या प्रजाती म्हणतात.

१३. आमच्या आंब्याच्या बेचक्यात वड उगवलाय. तो आंब्याचा रस शोषतो का? कापू की ठेवू?

रस शोषत नाही. वड परजीवी नाही. बेचक्यात फक्त बसायला जागा घेतो. सुरुवातीला सालीतल्या कुजलेल्या पाल्यावर आणि पावसावर भागवतो. मुळं खाली जमिनीत टेकली की खरा खेळ सुरू होतो. मग तो तीन आघाड्यांवर झुंजतो: वर पानांचा छत्र करून ऊन अडवतो, खाली पाणी-खतावर हात मारतो, आणि मधे मुळांचं जाळं आंब्याच्या खोडाभोवती आवळत जातं. खोडाला जाड व्हायला जागा उरत नाही, अन्नरस वाहणारी साल दाबली जाते. काही दशकांत आंबा कुजून आत पोकळी राहते.

आंबा हवा असेल तर मुळं जमिनीला पोहोचायच्या आत वड काढा. रोप शक्य असेल तर अलगद सोडवून मोकळ्या जागी लावा, जगतं. मुळं जाड झाल्यावर तोडलात तर फुटवे येत राहतात. जंगलातल्या झाडावर असेल तर हात लावू नका.

दोन अपवाद. ताडावर किंवा शिंदीवर उगवलेला वड-पिंपळ पाहिला असेल. या झाडांचं खोड वयानुसार जाड होत नाही, अन्नरसाच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे आवळून ती मरत नाहीत. वड शेंड्यावर झाकोळला तरच मरतात. आणि दुसरा: ऑस्ट्रेलियातल्या लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानात २०१३ च्या वादळानंतर पाहणी केली तेव्हा अशा वेढणाऱ्या झाडांनी जखडलेली मोठी झाडं कमी उन्मळली होती. गळा दाबणारा वादळात टेकूही देतो.

१४. मग बांडगूळही तसंच का?

नाही. बांडगूळ यजमानाच्या फांदीत खरोखर मूळ खुपसून पाणी आणि क्षार ओढतं. पानं हिरवी असल्याने साखर स्वतः करतं, म्हणून ते अर्धपरजीवी. त्याच्या चिकट बिया फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी पसरवतो. आंब्यावर वाढलं तर फांदीसकट छाटावं लागतं.

१५. कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय पिंपळाचं बी रुजत नाही म्हणतात. खरं?

नाही. रोपवाटिकेत पिंपळाच्या बिया थेट पेरून रोपं करतात, बारीक ओली माती आणि उजेड मिळाला की रुजतात. पक्ष्याचं काम वेगळं. तो गर काढून टाकतो आणि बी अशा जागी नेऊन ठेवतो जिथे ते एरवी पोहोचलंच नसतं. भिंतीची फट, विहिरीचं कडं, देवळाचं शिखर. झाडाच्या खोबणीत रुजायला तयार असलेल्या जातीला चुन्याची फट परकी वाटत नाही. भिंतीतला पिंपळ लहान असतानाच काढा. विळ्याने वरचेवर छाटत राहिलात तर मूळ आत जाड होत जातं आणि मग भिंतच पाडावी लागते.

१६. बोखाडा उंबराच्याच गोतातला, पण त्याची फळं काही झाडांवर किड्यांनी भरलेली, काही झाडांवर नुसत्या बिया. वरच्या उत्तरांशी हे जुळत नाही.

बरोबर पकडलंत. प्रश्न ३ मधलं वर्णन उंबर, वड, पिंपळ यांना लागू आहे, जिथे एकाच फळात बी आणि केंबरू दोन्ही निपजतात. बोखाडा आणि खरवत (जिच्या खरखरीत पानांनी लाकूड घासतात ती) यांची झाडं दोन प्रकारची असतात. एका प्रकारच्या झाडावर केंबरं आणि पराग तयार होतात, दुसऱ्यावर फक्त बिया.

बियांच्या झाडावरच्या फळात सगळी फुलं लांब वृंताची. केंबराची मादी वासाला फसून आत शिरते, परागण करते, सुई कुठेच पुरत नाही, आणि एकही अंडं न घालता मरते. झाडाचा फायदा पूर्ण, तिचा शून्य. दोन्ही झाडांचा वास तिला वेगळा ओळखता आला असता तर तिने हे दार टाळलं असतं, पण एकदा शिरलं की परतीची वाट नाही, तेव्हा अनुभवातून शिकायची संधीच मिळत नाही. सहजीवन म्हणजे गोडीगुलाबी असं वाटणाऱ्यांना मी नेहमी बोखाडा दाखवतो.

१७. केंबरं नाहीशी झाली तर काय होईल?

याची छोटी तालीम होऊन गेली आहे. १९९८ च्या सुरुवातीला एल निन्योमुळे बोर्निओतल्या लाम्बिर हिल्स भागात कडक दुष्काळ पडला. झाडांनी नवा फुलोरा धरणं थांबवलं, साखळी तुटली, आणि प्रश्न १६ मधल्यासारख्या दोन प्रकारच्या झाडांच्या काही जातींची केंबरं तिथून नाहीशी झाली. झाडं उभी होती, फळ मात्र पिकेना.

उष्णतेचंही भय आहे. सिंगापूरमधल्या प्रयोगांत तापमान थोडं वाढवल्यावर केंबरांचं आधीच तोकडं आयुष्य आणखी घटलं. काही तासच कमी झाले, पण दुसरं झाड शोधायला हातात एकच दिवस असेल तर काही तास फार होतात.

उलट बाजूही सांगायला हवी. १८८३ च्या ज्वालामुखीच्या स्फोटात इंडोनेशियातलं क्राकाटाउ बेट राख झालं, तिथे परतलेल्या पहिल्या काही फळझाडांत याच कुळातली झाडं होती. बिया पक्षी-वटवाघळांनी आणल्या, केंबरं वाऱ्याने आली.

१८. आम्ही फ्लोरिडात राहतो. घराजवळ नांदरूक आहे, त्याची रोपं गटारीपासून पुलापर्यंत सगळीकडे उगवतात. पुण्यात असं नव्हतं!

पुण्यातही जुन्या वाड्यांच्या भिंती बघितल्यात तर तिथेही आहे. फ्लोरिडात नांदरूक शोभेसाठी नेलं तेव्हा त्याचं केंबरू तिथे नव्हतं, म्हणून बी धरत नव्हतं आणि झाड सभ्यपणे एका जागी होतं. पुढे केंबरू येऊन पोहोचलं, आणि झाड कुंपण ओलांडून पसरू लागलं. झाड तेच, माती तीच, फक्त जोडीदार आला. तिथे ते आता स्थानिक झाडांना त्रासदायक मानलं जातं, तेव्हा आठवणीखातर नवं लावण्याआधी तिथल्या वनविभागाची यादी बघा.

१९. सोसायटीत उंबर आहे. खाली सडा पडतो, चिलटं होतात. कमिटी म्हणते फवारणी करा, नाहीतर तोडा. काय करावं?

सड्यावर घोंघावतात ती बहुतेक केंबरं नसतात. सडलेल्या फळावर येणारी चिलटं असतात. फवारणी झाडावर केलीत तर मरतील केंबरं आणि मुंग्या, चिलटं खाली तशीच. केंबरं मेली की परागण न झालेली हिरवी फळं गळतील, म्हणजे सडा वाढेल.

पिकायच्या दिवसांत रोज सकाळी सडा झाडून खतखड्ड्यात टाका. झाडाखाली गाड्या लावू नका, पडलेलं फळ बुळबुळीत असतं आणि लोक घसरतात. बुंध्याभोवती फरशी बसवली असेल तर ती काढून माती मोकळी करा; पडलेली फळं मातीत जिरतात, फरशीवर नाही. झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला महापालिकेची परवानगी लागते, ती न घेता कुऱ्हाड लावू नका. आणि कमिटीच्या बैठकीआधी एकदा सकाळी सात वाजता अध्यक्षांना झाडाखाली घेऊन या. तांबट त्या वेळी नक्की असतो.